सगळ्यात आधी कबूल केलं म्हणून माफी, पण नक्की कोणाकडून?

तिरकस_रेघ
युरोपातल्या ट्रक कंपन्यांचं प्रकरण काहींना आठवत असेल. मान, व्होल्वो-रेनॉ, डाइम्लर, इव्हेको आणि डाफ या कंपन्या १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं ट्रकच्या किमती आपसांत ठरवत होत्या. प्रदूषणाचे नवे नियम आले की त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी कसा मारायचा, हेसुद्धा संगनमताने. २०१६ मध्ये युरोपियन कमिशनने एकूण सुमारे २९३ कोटी युरो दंड ठोठावला. त्यात मानच्या वाट्याला आला शून्य! एरवी त्यांना सुमारे १२० कोटी युरो पडले असते, पण त्यांनी सगळ्यांच्या आधी जाऊन कबुली दिली, म्हणून पूर्ण माफी.

मला हे पचत नाही. चौदा वर्षं मलिदा खायचा आणि प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं की सोबत्यांची नावं सांगून नामानिराळं व्हायचं. हा न्याय की सौदा?

दुसरा प्रश्न जास्त व्यवहाराचा आहे. समजा संगनमत सरकारी कंत्राटात झालंय आणि अधिकाऱ्याला लाचही पोचलीय. म्हणजे स्पर्धा कायदा, भ्रष्टाचारविरोधी कायदा आणि फौजदारी कायदा असे तिन्ही लागू. एका खात्याने दिलेली माफी दुसऱ्यावर बंधनकारक असते का? नसेल तर शहाणा माणूस तोंड उघडेलच कशाला? जाणकारांनी उजेड पाडावा.

चहाटळ
थोडक्यात, चोरांच्या शर्यतीत पहिल्याला बक्षीस. दुसऱ्या-तिसऱ्याला उत्तेजनार्थ असतं का?

खडूशास्त्री
@चहाटळ, खरंच असतं. युरोपात पहिला आला की पूर्ण माफी, दुसऱ्याला दंडात ३० ते ५० टक्के सूट, तिसऱ्याला २० ते ३०, पुढच्यांना २० टक्क्यांपर्यंत. मात्र काहीतरी नवा, उपयोगी पुरावा आणावा लागतो. नुसतं "मीही होतो" म्हणून भागत नाही.

आता तिरकस_रेघ यांचा पहिला प्रश्न. चोरीत ज्याचं गेलं तो बोंब मारतो. संगनमतात ज्याचं जातं त्याला पत्ताच नसतो, त्याला वाटतं भाव वाढलेत. ज्यांना माहीत आहे त्या सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, कारण सगळ्यांचेच हात बरबटलेले. बाहेरून फोडायला फट नाही, म्हणून आतल्याला फोडायचं.

अमेरिकेने हे १९७८ मध्ये सुरू केलं. पण तेव्हा माफी द्यायची की नाही हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होतं. वर्षाला जेमतेम एखादा अर्ज यायचा. १९९३ मध्ये नियम बदलले: चौकशीच्या आधी आलात आणि अटी पाळल्यात तर माफी हमखास, चौकशी सुरू झाल्यावरही दार पूर्ण बंद नाही, आणि कबुली देणाऱ्या कंपनीचे कर्मचारीही सुटणार. त्यानंतर महिन्याला एकाहून जास्त अर्ज येऊ लागले. या फरकाचं श्रेय मी हमीला देतो.

आणि अर्ज आलाच पाहिजे असंही नाही. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला "शेजारचा आधी जाईल का?" ही धास्ती लागली की संगनमत टिकवणंच महाग पडतं.

वाळवी
खडूशास्त्री, फळ्यावर सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात आधी कोण पोचतो? ज्याच्याकडे महागडे वकील तयार बसलेत तो. म्हणजे बहुधा सगळ्यात बडा मासा. छोट्याला कायदा कळेपर्यंत खिडकी बंद.

आडवा_छेद
वकिली याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

@वाळवी, तुमचा मुद्दा कायदे करणाऱ्यांनाही सुचला होता. अमेरिकेत टोळीचा म्होरक्या किंवा इतरांना दमदाटी करून ओढणारा असेल तर पूर्ण माफी मिळत नाही. युरोपात दमदाटी करणाऱ्याला पूर्ण माफी नाही, सूट मात्र मिळू शकते. अर्थात म्होरक्या कोण हे ठरवताना प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पहिला नंबर कसा लागतो ते सांगतो. कंपनीच्या अंतर्गत तपासात एखादा ईमेल सापडतो. त्याच दिवशी बाहेरचे वकील फोन करतात. याला मार्कर म्हणतात, रांगेत नंबर धरून ठेवण्याचा प्रकार. "अमुक उत्पादनाच्या बाजारात आमच्या अशिलाला काहीतरी सापडलंय, जागा रिकामी आहे का?" एवढंच विचारायचं. रिकामी असेल तर पुरावा गोळा करायला मुदत मिळते. दोन कंपन्यांच्या अर्जांत काही तासांचं अंतर असलं तरी एकीला शून्य दंड आणि दुसरीला कोट्यवधी, असं घडू शकतं.

युरोपात पुढची गंमत म्हणजे कबुली तोंडी देता येते. वकील कमिशनच्या खोलीत बसून बोलतो, ध्वनिमुद्रण कमिशन करतं, टंकलिखितही तेच करतात. अशिलाकडे कागदाचा चिटोराही उरत नाही. कारण असा कागद हाती असला तर अमेरिकेतल्या नुकसानभरपाईच्या दाव्यात तो मागितला जाऊ शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सहसा बंधनकारक नसते. आणि खरी रडकथा तिथेच सुरू होते. यूबीएस बँकेचं बघा. लायबोर म्हणजे बँका एकमेकींना ज्या व्याजदराने कर्ज देत तो आधारदर; त्याच्या घोटाळ्यात ही बँक स्पर्धा अधिकाऱ्यांकडे आधी गेली. २०१३ मध्ये युरोपियन कमिशनने येन लायबोर प्रकरणात तिला पूर्ण माफी दिली. वाचलेला दंड सुमारे २५० कोटी युरो. पण त्याआधीच डिसेंबर २०१२ मध्ये याच घोटाळ्यापायी बँकेने अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडच्या यंत्रणांना मिळून सुमारे १५० कोटी डॉलर भरले होते, आणि तिच्या जपानी उपकंपनीने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला होता. कृत्य तेच. एका कायद्याखाली "संगनमत", त्यावर माफी. दुसऱ्याखाली "फसवणूक", त्यावर शिक्षा. पहिल्या खिडकीवरची पावती दुसरीवर चालत नाही.

चहाटळ
म्हणजे सरकारी कामाचा नेहमीचाच अनुभव. फक्त इथे खेटे घालणारा गुन्हेगार आहे.

जुना_कारकून
निविदा समितीत बरीच वर्षं काढली आहेत. खातं कुठलं ते विचारू नका.

तुम्ही ज्याला संगनमत म्हणता त्याला आम्ही 'रिंग' म्हणायचो. काम कोणाला जाणार ते आधीच ठरलेलं. तो अंदाजपत्रकापेक्षा थोडा वर दर भरणार, बाकीचे त्याच्याही वर भरून 'सपोर्ट' देणार. पुढच्या कामाला पाळी दुसऱ्याची. एकदा दोन वेगवेगळ्या फर्मच्या निविदा उघडल्या. दोन्हींत 'गॅल्व्हनाइज्ड'चं स्पेलिंग एकाच ठिकाणी एकसारखं चुकलेलं, आणि दोघांच्या डिमांड ड्राफ्टचे नंबर लागोपाठचे. मी शेरा मारला. साहेबांनी फाइल बाजूला ठेवली.

तर मुद्दा असा की रिंग चालते तेव्हा बहुतेकदा आतलं कोणीतरी सामील असतं. त्यामुळे "लाच वेगळी, संगनमत वेगळं" हे कागदावर ठीक आहे. ठेकेदाराने स्पर्धा आयोगाकडे जाऊन रिंगबद्दल खरं सांगायचं ठरवलं तर साहेबांचं नाव येणारच. आणि ते आलं की तो स्वतः लाच देणारा ठरतो. कोण जाईल?

चहाटळ
त्या निविदेचं पुढे काय झालं?

जुना_कारकून
रद्द झाली. फेरनिविदेत पुन्हा तेच दोघे. स्पेलिंग मात्र दुरुस्त.

सई_साक्षी
:))

फौजदारी बाजूने थोडं लिहिते. 'माफीचा साक्षीदार' आणि लिनियन्सी (म्हणजे कबुलीच्या बदल्यात स्पर्धा खात्याकडून मिळणारी माफी किंवा सूट) यांची गल्लत होतेय. भारतीय फौजदारी कायद्यात (आधी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४३) माफी न्यायालय देतं, आणि ती सगळं खरंखरं आणि पूर्ण सांगण्याच्या अटीवर. आधी आलात म्हणून हक्क तयार होत नाही. आधीच जामिनावर नसाल तर खटला संपेपर्यंत तुरुंगातच राहायचं. काही लपवलंत तर माफी जाते आणि तुमच्यावर खटला चालतो. शिवाय गुन्ह्यातल्या साथीदाराच्या जबानीला दुसऱ्या पुराव्याचा आधार आहे का, हे न्यायालयं बघतातच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही विशेष न्यायाधीशाला अशी माफी देता येते.

म्हणजे एकीकडे दर ठरलेलं, रांगेचं, कंपन्यांसाठीचं तंत्र, आणि दुसरीकडे माणसामाणसावर, न्यायाधीशाच्या विवेकावर चालणारं तंत्र. दोन्ही एकाच प्रकरणात आली की खडूशास्त्री म्हणतात ती 'हमी' उरत नाही.

तिरकस_रेघ
सई, मग भारतात आज एखादी कंपनी स्पर्धा आयोगाकडे गेली तर?

आडवा_छेद
स्पर्धा कायद्याच्या कलम ४६ खाली दंडात सूट मिळते: पहिल्याला १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५०, पुढच्यांना ३० टक्क्यांपर्यंत. ड्राय सेल बॅटऱ्यांच्या प्रकरणात (२०१८) पॅनासॉनिकला पूर्ण सूट, एव्हरेडीला ३० आणि निप्पोला २० टक्के. बिअरच्या प्रकरणात (२०२१) एबी इनबेव्ह पूर्ण सुटली, युनायटेड ब्रुअरीजला ४० टक्के सूट मिळूनही साडेसातशे कोटींच्या घरात दंड बसला. २०२३ च्या दुरुस्तीने 'लिनियन्सी प्लस'ही आलं, म्हणजे एका संगनमताच्या चौकशीत दुसऱ्याची माहिती दिली तर पहिल्यातही जादा सूट.

निव्वळ संगनमत भारतात फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे बॅटरी-बिअरवाल्यांना तुरुंगाची धास्ती नव्हती. पण जुना_कारकून सांगतात त्या प्रकारात लाच आली की कलम ४६ तिथे काही संरक्षण देत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून एवढीच सवलत आहे की नाइलाजाने लाच द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तर देणारा सुटतो. वर्षानुवर्षं राजीखुशीने पोचवणाऱ्याला तिचा उपयोग शून्य.

वाळवी
अवांतर होईल, पण लाच देणाऱ्याला सोडून घेणाऱ्यालाच धरा असं अर्थतज्ज्ञ कौशिक बसूंनी २०११ मध्ये सुचवलं होतं ना? तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

खडूशास्त्री
हो, पण ते फक्त छळवणुकीच्या लाचेपुरतं. जे काम हक्काने व्हायला हवं त्यासाठी द्यावी लागणारी लाच. देणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही तर तो नंतर तक्रार करेल, हे माहीत असल्याने घेणारा कचरेल, असा तर्क. विरोधकांचं म्हणणं होतं की यामुळे लाच देणं सवयीचं होऊन बसेल. रिंगमधल्या ठेकेदाराला तो तर्क लागू नाही, त्याला हक्काचं काहीच मिळायचं नसतं.

दक्षिणगोल
कोणी ब्राझीलचं नाव कसं काढलं नाही? तिरकस_रेघ यांचा दुसरा प्रश्न तिथे पूर्ण देशाने भोगलाय.

तिथे स्पर्धा नियामक आहे काडे. २०११ च्या कायद्याने त्याच्याकडची लिनियन्सी चांगली बांधलेली आहे: पहिल्यालाच करार मिळतो, नियामकाला आधी काही माहीत नसेल तर पूर्ण माफी, माहीत असेल तर एक ते दोन तृतीयांश सूट, आणि महत्त्वाचं म्हणजे संगनमताशी थेट निगडित फौजदारी गुन्ह्यांतूनही सुटका. त्या करारांत सरकारी अभियोक्ते सहभागी होतात, म्हणून ती सुटका टिकते.

मग २०१३ मध्ये भ्रष्टाचारविरोधी कायदा आला. त्यात लिनियन्सी करार केंद्र पातळीवर महानियंत्रक कार्यालयाशी. दंडात दोन तृतीयांशापर्यंत सूट, पण नुकसानभरपाईतून सूट नाही आणि कंपनीतल्या माणसांना फौजदारी संरक्षणही नाही. त्याच वर्षी संघटित गुन्ह्यांचा कायदा, त्यात व्यक्तींसाठी कबुलीच्या बदल्यात शिक्षेत सवलत. वर अभियोक्त्यांनी स्वतःच कंपन्यांशी करार करायला सुरुवात केली. आणि कंत्राटं तपासणारं लेखापरीक्षण न्यायालय म्हणतंय, आम्ही कुठे सही केलीय?

याच काळात पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या कंत्राटांतलं लाचेचं प्रकरण फुटलं. ओडेब्रेख्त या बांधकाम कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये अभियोक्त्यांशी करार केला, अमेरिका आणि स्वित्झर्लंडशीही. त्याच कृत्यांबद्दल महानियंत्रक कार्यालयाशी करार व्हायला जुलै २०१८ उजाडलं: २७० कोटी रेआल (तिथलं चलन), २२ वर्षांत फेडायचे. दरम्यान एका ठिकाणी करार केलेल्या कंपन्यांना दुसरी यंत्रणा सरकारी कंत्राटांतून बाद करू पाहत होती. २०२० मध्ये यंत्रणांनी एकत्र बसून समन्वयाचा करार केला, तर त्यावर अभियोक्त्यांनीच सही केली नाही. सगळ्यात जास्त करार त्यांनी केलेले!

आणि शेवट? सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तोफोली यांनी ओडेब्रेख्तच्या करारातून मिळालेला पुरावा अवैध ठरवला. डिसेंबरमध्ये जे अँड एफ समूहाचा १०३० कोटी रेआलचा दंडही स्थगित झाला.

चहाटळ
चार खात्यांपुढे नाक घासलं आणि पाचव्याने सगळंच रद्द केलं. यातून संदेश काय, थांबा आणि वाट पहा?

दक्षिणगोल
तिथले वकील आता अशिलांना नेमकं काय सांगत असतील ते मलाही ऐकायला आवडेल.

वाळवी
माझा राग वेगळा आहे. कंपन्या सुटतात की नाही यावर रकाने भरताय, माणसांचं काय? रोल्स-रॉइसने लाचेच्या प्रकरणात २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये खटला लांबणीवर टाकण्याचा करार केला, म्हणजे दंड भरून अटी पाळल्या की खटला चालत नाही. ब्रिटनपुरते ४९.७ कोटी पौंड. त्यांनी स्वतःहून कबुलीही दिली नव्हती, तरी दंडात ५० टक्के सूट. २०१९ मध्ये व्यक्तींविरुद्धचा तपास बंद. एकावरही खटला नाही. लाच कंपनीच्या इमारतीने दिली का?

आणि उलट टोक बघा. नव्वदच्या दशकातलं लायसीन या पशुखाद्यातल्या घटकाचं संगनमत. एडीएम कंपनीचा अधिकारी मार्क व्हिटेकर एफबीआयसाठी चोरून ध्वनिमुद्रण करत होता. त्याच टेपांवर प्रकरण उभं राहिलं, कंपनीने १० कोटी डॉलर दंड भरला. पण मधल्या काळात त्याने कंपनीचे सुमारे ९० लाख डॉलर लाटल्याचं निघालं, संरक्षण गेलं, आणि त्याला वरिष्ठांपेक्षा किती तरी लांब तुरुंगवास झाला.

सई_साक्षी
@वाळवी, व्हिटेकरच्या बाबतीत मला अन्याय दिसत नाही. माफी संगनमताची होती, अफरातफरीची नव्हती. करार चालू असताना नवा गुन्हा केला की तो जातोच. यूबीएसचंही तेच झालं: खटला न भरण्याचा २०१२ चा करार अमेरिकेने २०१५ मध्ये फाडून टाकला, कारण परकीय चलनाच्या व्यवहारांत तेच चाळे चालू होते.

खरा धोका दुसरा आहे. सरकारने शब्द फिरवणं. स्टोल्ट-निल्सन या जहाज कंपनीला अमेरिकेने माफी दिली, नंतर "तुम्ही संगनमत लगेच थांबवलं नाही" म्हणून ती काढून घेतली आणि २००६ मध्ये आरोपपत्र दाखल केलं. २००७ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं: कंपनीने करार पाळला होता. सरकार हरलं ते बरंच झालं, नाहीतर पुढचा अर्जदार कशाच्या भरवशावर आला असता?

मीठमोहरी
बराच वेळ नुसती वाचत होते. ज्यांचे पैसे गेले त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. ट्रक घेणाऱ्यांना काय मिळालं? दंड तर सरकारजमा.

आडवा_छेद
@मीठमोहरी, बरं झालं विचारलंत. माफी दंडातून असते, नुकसानभरपाईतून नाही. क्रिस्टीज आणि सदबीज या लिलाव कंपन्यांनी कमिशनचे दर संगनमताने ठरवले होते. जानेवारी २००० मध्ये क्रिस्टीजने आधी कागद नेऊन दिले आणि ती फौजदारी कारवाईतून सुटली. सदबीजला ४.५ कोटी डॉलर दंड, तिचे अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन यांना एक वर्ष आणि एक दिवस कैद. पण गिऱ्हाइकांच्या दाव्यात ५१.२ कोटी डॉलरची तडजोड झाली तेव्हा दोघींनी निम्मे निम्मे भरले.

हेही आता अर्ज कमी होण्याचं एक कारण आहे. दंड वाचतो, पण कबुलीमुळे दाव्यांचं मोहोळ उठतं. म्हणून अमेरिकेने २००४ मध्ये सहकार्य करणाऱ्याला तिप्पट भरपाईतून सोडवलं, आणि युरोपने २०१४ च्या निर्देशात कबुलीजबाब दावेदारांच्या हाती लागणार नाही अशी तजवीज केली. म्हणजे मीठमोहरी, तुमच्या ट्रकवाल्याला निकाल मिळतो, पण सगळ्यात चांगला पुरावा कपाटात राहतो.

मीठमोहरी
वा, म्हणजे गिऱ्हाईक दोनदा नागवलं गेलं.

तिरकस_रेघ
चर्चा भारी झाली. पहिल्या प्रश्नावर माझं मन अजून वळलेलं नाही. मानला शून्य दंड बघून डोकं तापतंच. पण पर्याय म्हणून सगळे चौदाऐवजी चोवीस वर्षं खात राहिले असते, हे खडूशास्त्रींचं म्हणणं खोडताही येत नाही.

दुसऱ्यावर मात्र मला आता वाटतं की अर्धवट माफी ही माफी नसण्यापेक्षा वाईट. कबुली लेखी घ्यायची, आणि तीच शेजारच्या खात्याला आरोपपत्रासाठी मिळायची, हा तर सापळा झाला. एकच खिडकी हवी. तिथे सही झाली की सगळ्यांची झाली.

वाळवी
आणि त्या एका खिडकीतल्या माणसालाच कोणी खिशात घातलं तर? आज निदान चार जणांना पटवावं लागतं. तीन-चार खाती असण्याचा जाच आहे, तसा उपयोगही आहे. एकाने स्वस्तात सोडलं तर दुसरा ओरडतो.

आडवा_छेद
म्हणूनच खिडकी एक आणि वर न्यायाधीश, ही मांडणी मला बरी वाटते. ब्रिटनमध्ये खटला लांबणीवर टाकण्याचा करार न्यायाधीशाने "न्यायाच्या हिताचा, वाजवी आणि प्रमाणशीर" आहे असं म्हटल्याशिवाय अमलात येत नाही, आणि कारणांसह निकाल प्रसिद्ध होतो. अमेरिकेत तशाच करारांत न्यायाधीशाला फार ढवळाढवळ करता येत नाही, फॉकर या विमानसेवा कंपनीच्या प्रकरणात २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते स्पष्टच केलं.

वाळवी
रोल्स-रॉइसचा करारही न्यायाधीशानेच मंजूर केला होता, साहेब.

आडवा_छेद
केला होता. आणि ५० टक्के का दिले तेही लिहिलं होतं, म्हणून तर तुम्हाला आज इथे त्यावर भांडता येतंय. काडेच्या करारांत फौजदारी भाग नेमका कसा बसवतात यावर दक्षिणगोल यांनी वेगळा धागा काढावा. इथे आता स्क्रोल करून बोट दुखायला लागलंय.

दक्षिणगोल
काढतो. पण मूळ पोर्तुगीज कलमं लावू, की मराठीत सारांश पुरे?

चहाटळ
सारांश. आणि आधी कोण वाचेल त्याला पूर्ण माफी.